लॉर्ट्सिंग: नटाच्या हाताने लिहिलेला ऑपेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकोणिसाव्या शतकातला जर्मन ऑपेरा म्हटलं की जो तो वाग्नरचं नाव घेतो; तुम्ही मात्र आल्बर्ट लॉर्ट्सिंगच्या 'त्सार उंड त्सिमरमान'चं जुनं चित्रीकरण पाहिलंत आणि ते आवडलं. मग हा माणूस कोण, त्याला 'हलकाफुलका' म्हणून बाजूला का ठेवतात, एवढा लोकप्रिय होता तर कर्जात कसा मेला, आणि पुढे काय ऐकावं?

मी एका जर्मन शहराच्या नाट्यगृहात कोरेपेटिटोर म्हणून काम करते. म्हणजे पियानोवर बसून गायकांकडून त्यांच्या भूमिका बसवून घ्यायच्या, सूर, शब्द, उच्चार, सगळं. त्यामुळे माझं उत्तर अभ्यासकाचं नाही, तालमीच्या खोलीतलं आहे. लॉर्ट्सिंगच्या बाबतीत ही जागा सोयीची आहे, कारण तो स्वतः अशाच खोल्यांमध्ये वाढला. तो आधी नट होता, मग गायक नट, आणि संगीतकार झाला तो त्यानंतर. त्याचे गुण, त्याच्या मर्यादा आणि त्याची गरिबीसुद्धा या एका गोष्टीतून उलगडत जाते.

जन्म २३ ऑक्टोबर १८०१, बर्लिन. वडिलांचा चामड्याचा व्यापार, पण आईवडील दोघांनाही नाटकाचं वेड. बर्लिनमधल्या 'उरानिया' नावाच्या हौशी नाट्यमंडळात त्यांचा जीव अडकलेला. धंदा बसला तेव्हा त्यांनी दुकानाला कायमचं कुलूप लावलं आणि पोटासाठी रंगभूमीवर उतरले. मुलगा त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा. त्याआधी त्याला बर्लिनच्या झिंगआकाडेमी या गायनसंस्थेशी जोडलेल्या कार्ल फ्रीडरिश रुंगेनहागेनकडे थोडं संगीत शिकायला मिळालं होतं. नियमित शिक्षण म्हणावं असं तेवढंच. पुढचं सगळं त्याने गावोगाव फिरताना, नाटकाच्या मंडळींत राहून, दुसऱ्यांच्या स्वरलिपी उतरवून घेत शिकलं. फ्रायबुर्गच्या कोर्नहाउसमध्ये बारा वर्षांचं हे पोर मध्यंतरात गमतीच्या कविता म्हणून लोकांना हसवत असे. पुढे ऱ्हाइन प्रदेशातल्या गावांत, बॉन, ड्युसेलडोर्फ, आखेन अशा ठिकाणी, याच कुटुंबाने वर्षानुवर्षं कामं केली. लॉर्ट्सिंग तरुण प्रेमिकाच्या भूमिका करायचा, गरज पडली की गायचा, चेलो वाजवायचा आणि कमी पडलेलं एखादं गाणं लिहूनही द्यायचा.

१८२४ मध्ये त्याने रोझिना रेगिने आलेस या अभिनेत्रीशी लग्न केलं. त्यांना अकरा मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. पैशाच्या गोष्टीकडे वळू तेव्हा हा आकडा लक्षात असू द्या.

१८२६ पासून हे जोडपं डेटमोल्डच्या दरबारी नाट्यगृहात होतं. तिथे १८२९ मध्ये ग्राबं या नाटककाराचं 'डॉन जुआन आणि फाउस्ट' रंगमंचावर आलं. संगीत लॉर्ट्सिंगचं आणि डॉन जुआनही तोच. असं दुहेरी काम त्याला नवं नव्हतं. या काळात त्याने छोटी संगीत-नाटुकली लिहिली. त्यातल्या एकात मोझार्टचंच संगीत घेऊन मोझार्टच्या आयुष्यातले प्रसंग रचले आहेत. मोझार्ट त्याचं दैवत होतं, आणि त्याच्या 'फिगारो' या ऑपेरातली मोठी समूहगीतं त्याने किती बारकाईने पाहिली होती ते पुढे त्याच्या स्वतःच्या लेखनात पानोपानी दिसतं.

१८३३ मध्ये सगळं कुटुंब, आईवडिलांसकट, लाइपझिगच्या शहर नाट्यगृहात दाखल झालं. लाइपझिग म्हणजे त्या वेळचं पुस्तकांचं, जत्रांचं आणि विद्यापीठाचं शहर. १८३५ पासून संगीतकार मेंडेल्सझोन तिथल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख, शूमान तिथे संगीताचं मासिक चालवतोय, आणि नाट्यगृहाच्या कचेरीत रोबर्ट ब्लुम नावाचा एक गृहस्थ नोकरीला. हा ब्लुम पुढे जर्मन लोकशाही चळवळीचा मोठा नेता झाला. लॉर्ट्सिंगचा तो मित्र. त्याच्या संहितेवर लॉर्ट्सिंगने एक ऑपेराही लिहिला होता, पण तो कधी रंगमंचावर आला नाही आणि आता हरवला आहे.

आता लॉर्ट्सिंग ज्या प्रकारात लिहीत होता त्याविषयी, कारण बरेच गैरसमज इथे सुरू होतात. जर्मनीत त्याला 'श्पीलऑपर' म्हणतात. संवाद बोलायचे आणि मध्ये गाणी, द्वंद्वगीतं, समूहगीतं. वाग्नरसारखं अखंड संगीत नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत, आपलं संगीत नाटक याच घाटाचं. फरक असा की लॉर्ट्सिंगकडे कथानकाला खरा वेग येतो तो अनेक पात्रं एकाच वेळी गात असताना. पाच-सहा जणांच्या तोंडी वेगवेगळे शब्द, प्रत्येकाचा हेतू निराळा, आणि तरी प्रेक्षकाला सगळं कळतं. हे जमवायला नटाचा कान लागतो.

२२ डिसेंबर १८३७ ला लाइपझिगमध्ये 'त्सार उंड त्सिमरमान', म्हणजे 'झार आणि सुतार', पहिल्यांदा झाला. संहिता लॉर्ट्सिंगचीच, एका फ्रेंच नाटकावरून बेतलेली. त्याच नाटकावर डोनिझेट्टीने दहा वर्षं आधी इटालियन ऑपेरा लिहिला होता. तो आज कोणाच्या फारसा लक्षात नाही. गोष्ट तुम्ही पाहिलीच आहे. रशियाचा झार पीटर हॉलंडच्या सारडाम गावात पीटर मिखाइलोव हे नाव घेऊन जहाजबांधणी शिकतोय. त्याच गोदीत पीटर इवानोव नावाचा, रशियन फौजेतून पळालेला एक पोरगाही आहे. इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांचे राजदूत झाराच्या मागावर. आणि गावचा नगराध्यक्ष फान बेट, स्वतःला अतिशय हुशार समजणारा गाढव, चुकीच्या पीटरला झार मानून बसतो. ऐतिहासिक पीटर १६९७ मध्ये खरोखर त्या गावात जाऊन राहिला होता, फक्त तिथे तो आठवडाभरच टिकला. ओळख फुटली आणि बघ्यांच्या गर्दीने त्याला पळवून लावलं.

पहिल्या प्रयोगात पळपुट्या इवानोवची भूमिका लॉर्ट्सिंगने स्वतः केली आणि गोदीच्या मालकिणीचं, विधवा ब्रोवेचं, काम त्याच्या आईने. म्हणजे लेखक, संगीतकार आणि विनोदी टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) असा एकच माणूस, आणि आई त्याच रंगमंचावर. मी हे नव्या गायकांना मुद्दाम सांगते, कारण इवानोवची भूमिका हातात घेतली की लगेच कळतं, ही लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंगाला मापून शिवली आहे. उंच सुरांची आतषबाजी नाही. आवाजाचा मधला पट्टा, जिथे शब्द स्वच्छ ऐकू येतो. श्वासाच्या जागा अशा की वाक्य संपल्यावर चेहऱ्याने उत्तर द्यायला क्षणभर उसंत मिळते.

फान बेटचा प्रवेश घ्या. 'ओ सांक्टा युस्टिट्सिया' हे त्याचं गाणं. 'मी शहाणा आणि सुज्ञ आहे, मला कोणी फसवू शकत नाही' असं तो छाती काढून गातो. गाणं ऐकायला सोपं आणि शिकवायला अत्यंत कटकटीचं. बास, म्हणजे खर्जातल्या, आवाजाचे तरुण गायक यात पहिल्याच ओळीपासून विनोद करायला लागतात, तोंडं वाकडी करतात, पोट पुढे काढतात. आणि तिथेच प्रसंग मरतो. फान बेटला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही. संगीतही त्याची थट्टा उघडपणे करत नाही, ते त्याला शासकीय थाटात, भारदस्त पावलं टाकत चालवतं. गायकाने ते पूर्ण गांभीर्याने गायलं तर प्रेक्षक हसून लोळतात.

तिसऱ्या अंकात हाच नगराध्यक्ष झाराच्या स्वागताचं गीत गावकऱ्यांकडून बसवून घेतो. शब्द त्याचेच: तू आमच्याकडे अवतरलास तो दिवस धन्य, त्याला आता बरेच दिवस झाले, म्हणूनच आनंद अधिक. माझ्या मते तालमीवर लिहिलेला याहून चांगला विनोदी प्रवेश ऑपेरात नाही. समूह चुकीच्या जागी उचलतो, नको तिथे थांबतो, नगराध्यक्ष चिडतो, पुन्हा पहिल्यापासून. यातली खोच अशी की प्रत्येक चूक स्वरलिपीत नेमकी लिहिलेली आहे. समूहाने ती खरोखरच ढिलाईने गायली तर प्रवेश नुसता गोंधळ वाटतो. चुकीचा उचल काटेकोर वेळेवर यावा लागतो. आमच्याकडे कोरसचे संचालक या चार-पाच पानांवर जेवढा वेळ घालवतात तेवढा एखाद्या वेर्डीच्या मोठ्या समूहगीतावर घालवत नाहीत.

आणि मग याच अंकात झाराचं गाणं येतं. लहानपणी राजदंड आणि मुकुटाशी खेळलो, मूल असण्यात केवढं सुख होतं, असं ध्रुवपद. चाल इतकी साधी की जर्मन घराघरांत ती पियानोवर वाजली, आणि म्हणून बऱ्याच लोकांना ते नुसतं भावुक गाणं वाटतं. शेवटचं कडवं वाचा मात्र. राजा मेला की त्याचं दगडी स्मारक उभारतात; माणसांच्या मनातलं स्मारक त्याला क्वचितच मिळतं, पृथ्वीवरचा मोठेपणा स्वप्नासारखा विरून जातो. १८३७ साली, सेन्सॉर असलेल्या देशात, हे एका राजाच्याच तोंडी घालून गाववलं आहे. एकाच चालीची तीन कडवी तीन वेगळ्या माणसांनी म्हटल्यासारखी यायला हवीत. आवाजाने ते करता येत नाही, शब्दांनीच करावं लागतं.

लाइपझिगमध्ये ऑपेरा चालला, पण देशभर गाजला तो १८३९ च्या जानेवारीत बर्लिनला झाल्यानंतर.

पुढच्या काही वर्षांतलं थोडक्यात सांगते. १८४० मध्ये छपाईच्या शोधाला चारशे वर्षं झाली म्हणून लाइपझिगने मोठा उत्सव केला, त्यासाठी लॉर्ट्सिंगने 'हान्स झाक्स' लिहिला. न्युर्नबर्गचा चांभार-कवी, त्याची प्रेयसी, चोरलेली कविता, कवितेची स्पर्धा. ओळखीचं वाटतंय ना? वाग्नरचा 'मायस्टरझिंगर' १८६८ चा. वाग्नरने हे कथानक जिथे नेऊन ठेवलं तिथपर्यंत लॉर्ट्सिंग जात नाही, त्याचा ऑपेरा बराच सामान्य आहे. पण वाग्नर शून्यातून उगवला असं समजणाऱ्यांनी तो एकदा ऐकावा. 'कारामो' आणि 'कासानोवा' हे दोन ऑपेरे फक्त नावापुरते सांगते. ते ऐकले नाहीत तरी काही बिघडणार नाही.

३१ डिसेंबर १८४२ ला आला 'डेर विल्टशूट्स', म्हणजे 'चोरटा शिकारी'. माझ्या लेखी लॉर्ट्सिंगचं सर्वोत्तम काम हेच, 'त्सार'पेक्षाही.

बाकुलुस हा खेड्यातला प्रौढ शाळामास्तर. त्याचं तरुण ग्रेटशेनशी लग्न ठरलंय. साखरपुड्याच्या मेजवानीसाठी तो काउंटच्या जंगलात हरिण मारायला जातो आणि पकडला जातो. नोकरी गेली. आता काउंटकडे रदबदली कोण करणार? ग्रेटशेनला पाठवावं तर काउंटची नजर चांगली नाही. मग विद्यार्थ्याच्या वेशात फिरणारी एक बॅरोनेस म्हणते, मी ग्रेटशेनचा वेश घेऊन जाते. म्हणजे बाई पुरुषाच्या वेशात, आणि तो 'पुरुष' पुन्हा बाईच्या वेशात. काउंटही तिच्यावर लट्टू, आणि घोडे सांभाळणारा म्हणून वावरणारा एक बॅरनही. बॅरन मास्तरला म्हणतो, पाच हजार टालर (त्या काळचं चांदीचं नाणं) घे आणि ही नवरी मला दे.

इथे दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाकुलुसचं गाणं आहे, 'फ्युन्फटाउझन्ट टालर'. गरीब मास्तराला अचानक कळलंय की आपल्या होणाऱ्या बायकोला किंमत आहे. तो आकडा तोंडात घोळवतो, पुन्हा पुन्हा, कधी कुजबुजत, कधी ओरडून, कधी विश्वास न बसून. विनोदी बासचं हे कसोटीचं गाणं, नोकरीसाठी ऐकवायला येणारा प्रत्येक जण हेच घेऊन येतो. खरं तर ते फार अस्वस्थ करणारं आहे. हा माणूस दुष्ट नाही. त्याच्याकडे पैसे कधीच नव्हते एवढंच. लिहिणाऱ्याला दारिद्र्य बाहेरून माहीत असतं तर बाकुलुस निव्वळ लोभी म्हातारा झाला असता.

मूळ नाटक कोत्सेबूचं, आणि त्या काळी ते चावट म्हणून बदनाम. लॉर्ट्सिंगने चावटपणा गाळला नाही, त्याला सूर दिला. शेवटी उघड होतं की काउंट ज्या 'ग्रेटशेन'च्या मागे होता ती त्याची सख्खी बहीण, आणि काउंटेसला ज्याच्याविषयी ओढ वाटत होती तो बॅरन तिचा सख्खा भाऊ. मग सगळे उमराव एकमुखाने म्हणतात, ही तर निसर्गाची हाक होती! रक्ताने रक्ताला ओळखलं! ऑपेराचं उपशीर्षकही तेच. उमरावांकडे प्रत्येक लफड्यासाठी एक उदात्त स्पष्टीकरण तयार असतं. मास्तराला मात्र एका हरणापायी नोकरी गमवावी लागते. आणि ते हरिणही हरिण नव्हतंच. अंधारात त्याने स्वतःचंच गाढव मारलेलं असतं.

बिलियर्डचा प्रवेश हा या ऑपेराचा गाभा. रात्र, खोलीत अंधूक उजेड. काउंट आणि बॅरन बिलियर्ड खेळतायत, दोघांचं लक्ष चेंडूकडे कमी आणि वेशांतर केलेल्या 'ग्रेटशेन'कडे जास्त. पहारा म्हणून मास्तरला बसवलंय, आणि तो जागं राहण्यासाठी चर्चमधलं एक भक्तिगीत म्हणत बसलाय: ऊठ माझ्या हृदया आणि गा. त्या संथ भक्तिगीताच्या खाली खेळाची, पाठलागाची, अंधारात धडपडण्याची लगबग. काउंटेसही येते. पाच आवाज. तालमीत आम्ही हा प्रवेश आधी फक्त बोलून घेतो, सूर न लावता, लयीत. बोलून तो चालला नाही तर गाऊनही चालत नाही.

अजून एक गंमत. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला काउंटेस नोकरचाकरांना गोळा करून ग्रीक नाटककार सोफोक्लीस वाचून दाखवते. नोकर जांभया आवरतायत. लाइपझिगच्या प्रेक्षकाला हे लगेच कळलं असणार. मेंडेल्सझोनच्या संगीतासह 'अँटिगनी' त्याच वर्षी तिथे होऊन गेलं होतं आणि सुशिक्षित घरांत ग्रीक नाटकांची साथ आली होती.

'उंडिने' (१८४५, माग्डेबुर्ग) वेगळ्या जातीचा. जलपरी माणसाशी लग्न करते, माणूस तिला दगा देतो. फुकेच्या कथेवर हॉफमाननेही आधी ऑपेरा केला होता. लॉर्ट्सिंग इथे गंभीर रोमँटिक वाटेला गेला, पात्रांना परत परत येणाऱ्या सुरावटी दिल्या. वाद्यवृंद सुंदर आहे, पाण्याचे रंग मनात राहतात. पण मला तो अर्धाच पटतो. दारू पिणारे दोन नोकर रंगमंचावर आले की ऑपेरात प्राण येतो, आणि नायक गायला लागला की मी घड्याळ बघते. शेवटही मूळ कथेपेक्षा मवाळ: नायक मरत नाही, जलराज्यात उंडिनेजवळ राहतो.

'डेर वाफनश्मीड', म्हणजे 'शस्त्रं घडवणारा लोहार', १८४६ मध्ये व्हिएन्नाला झाला. त्यातलं म्हाताऱ्या लोहाराचं 'मीही एकदा कुरळ्या केसांचा तरुण होतो' हे गाणं बास गायकांनी दीडशे वर्षं झिजवलं आहे. वैतागलेल्या मुलीचं 'आम्ही बिचाऱ्या मुली' हेही तसंच. बाकी कथा साधी.

आता पैशाकडे येते.

१८४४ मध्ये लाइपझिगने त्याला कापेलमाइस्टर, म्हणजे नाट्यगृहाचा संगीतप्रमुख, केलं आणि पुढच्याच वर्षी काढून टाकलं. व्हिएन्नाच्या 'थिएटर आन डेर वीन'मध्ये त्याच पदावर गेला, तर १८४८ ची क्रांती आली आणि ती नोकरीही बुडाली. पण खरा प्रश्न नोकरीचा नव्हता. त्याचे ऑपेरे जर्मन भाषिक प्रदेशात जागोजागी चालत होते. मग पैसे कुठे गेले? ते आलेच नव्हते. त्या काळी नाट्यगृह संगीतकाराकडून स्वरलिपीची हाताने उतरवलेली प्रत एकदाच, ठरलेल्या रकमेला घ्यायचं. त्यानंतर प्रयोग दहा होवोत की दोनशे, संगीतकाराला एक पैसाही नाही. प्रयोगागणिक हिस्सा देण्याची रीत फ्रान्समध्ये रुळली होती, जर्मन राज्यांत नव्हती. त्यातून जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. एका राज्याचा कायदा दुसऱ्यात चालेलच असं नाही. प्रयोगांचे हक्क गोळा करणारी जर्मन संगीतकारांची स्वतःची संस्था रिखार्ड श्ट्राउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली ती १९०३ मध्ये. लॉर्ट्सिंगला त्याचा काय उपयोग.

म्हणजे त्याची स्थिती अशी होती की नवा ऑपेरा लिहिला तरच नवी रक्कम, आणि जुना जितका लोकप्रिय तितके त्याचे प्रयोग फुकटात. घरात एवढी मुलं. 'लोकप्रिय होता तर गरीब कसा' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. उधळपट्टी नाही, अव्यवहारीपणाही नाही. पत्रांत तो हिशोबाचा पक्का दिसतो, फक्त हिशोब जुळत नाही.

१८४८ चं एक काम मात्र आवर्जून सांगायला हवं. व्हिएन्नात क्रांती चालू असताना त्याने स्वतःच्या संहितेवर 'रेगिना' लिहिला. बायकोचंच एक नाव नायिकेला दिलं. पडदा उघडतो तो कारखान्यातल्या संतप्त कामगारांवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ऑपेराच्या रंगमंचावर, संपाची भाषा! राजे नाहीत, परी नाहीत, त्याच वर्षीची त्याच्याच देशातली माणसं. नायिकेला पळवून नेतात आणि शेवटी ती स्वतःच्या हाताने आपल्या अपहरणकर्त्याला गोळी घालते. क्रांती चिरडली गेली, मग असा ऑपेरा कोण करणार? त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला व्हिएन्नात रोबर्ट ब्लुमला सैनिकांनी गोळ्या घातल्या. लॉर्ट्सिंग त्याच शहरात होता. 'रेगिना' पहिल्यांदा रंगमंचावर आला १८९९ मध्ये, बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात, आणि तोही १८१३ च्या नेपोलियनविरोधी युद्धाची देशभक्तिपर गोष्ट करून. मूळ रूपात तो १९९८ मध्ये गेल्झेनकिर्शेनला झाला, कोळसा आणि पोलादाच्या कामगारांच्या गावात. लॉर्ट्सिंगला निरुपद्रवी मानणाऱ्यांनी हा ऑपेरा ऐकलेला नसतो.

शेवटची दोन वर्षं वाईट होती. पन्नाशीकडे झुकलेला, देशभर ज्याची गाणी म्हटली जातात असा माणूस पुन्हा लहान गावांतून पाहुणा नट म्हणून फिरत होता. १८५० मध्ये बर्लिनला नव्याने उघडलेल्या फ्रीडरिश-विल्हेल्मश्टाट नाट्यगृहात त्याला संगीतप्रमुखाची जागा मिळाली. तिथे फार्स आणि गाण्यांचे तुकडे चालायचे, त्याच्या स्वतःच्या ऑपेऱ्यांना ती मंडळी पुरी पडणारी नव्हती. पुढे तिथूनही त्याला नोटीस मिळाली. २० जानेवारी १८५१ च्या संध्याकाळी फ्रांकफुर्टला त्याचा एकांकी ऑपेरा 'डी ओपर्नप्रोबं', म्हणजे 'ऑपेराची तालीम', पहिल्यांदा झाला. तो तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मेंदूच्या झटक्याने तो गेला, वय ४९, डोक्यावर कर्ज. अंत्ययात्रेला संगीतकार मायरबेअरसारखी मोठी मंडळी आली. सहकारी नटांनी शवपेटीला काळं-लाल-सोनेरी कापड लावलं. क्रांतीचे ते रंग तोवर बंदीत गेले होते. मग ठिकठिकाणच्या नाट्यगृहांनी त्याच्या कुटुंबासाठी मदतीचे प्रयोग लावले.

त्याला मागे का टाकलं, याला दोन कारणं दिसतात. एक वाग्नरनंतरचं मत, की संवाद बोलले म्हणजे तो खालच्या दर्जाचा ऑपेरा. हे मत असणाऱ्यांना मोझार्टच्या 'जादूची बासरी'चं आणि बेटहोफेनच्या 'फिडेलिओ'चं काय करायचं ते विचारावं, त्यांतही संवाद बोललेलेच आहेत. दुसरं कारण मला रोज दिसतं आणि ते जास्त खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉर्ट्सिंग जर्मन नाट्यगृहांत सतत चालत होता, कारण प्रत्येक शहराकडे जर्मन बोलणारे, वर्षानुवर्षं एकत्र काम करणारे गायक नट होते. 'श्पीलबास' आणि 'श्पीलटेनर' या तेव्हा नोकरीच्या करारातल्या जागा होत्या. आज आमच्या मंडळींत कोरिया, ब्राझील, युक्रेन, अमेरिका इथले उत्तम आवाज आहेत. ते वाग्नर गातात, वेर्डी गातात, पुच्चिनी गातात. पण दोन पानं भरधाव जर्मन संवाद बोलून प्रेक्षकाला नेमक्या शब्दावर हसवणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती शिकवायला लागणारा वेळ तालमीच्या वेळापत्रकात नसतो. मग संवाद कापतात. संवाद कापले की गाण्यांना जोडणारा धागा जातो, ऑपेरा भाबडा वाटतो, समीक्षक तसं लिहितात, आणि पुढच्या हंगामात तो लागत नाही.

आता काय ऐकावं. तुम्ही पाहिलेलं चित्रीकरण तुम्ही केलेल्या वर्णनावरून १९६९ चं हाम्बुर्गचं दिसतं: चार्ल्स मॅकेरस वाद्यवृंदाचा संचालक, हान्स झोटिन फान बेट, लुचिया पोप त्याची भाची मारी. ते उत्तम आहे, पुन्हा पाहताना या वेळी तालमीच्या प्रवेशात कोरसकडे बघा. ध्वनिमुद्रणांत रोबेर्ट हेगरच्या हाताखालचे साठच्या दशकातले तीन संच मिळवा. 'त्सार'मध्ये हेर्मान प्राय, पेटर श्रायर आणि गॉटलोब फ्रिक आहेत. 'विल्टशूट्स'मध्ये फ्रिट्स वुंडरलिश बॅरनची भूमिका गातो. त्याच्या आवाजासाठी तरी ऐका. 'उंडिने' तिसरा, आनेलीझं रोटेनबेर्गरसाठी. 'विल्टशूट्स' ऐकताना संहितेचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवा आणि संवादांच्या वेळी पुढे सरकवू नका. निव्वळ गाण्यांचे निवडक संग्रह टाळा, त्यांतून लॉर्ट्सिंग कळत नाही. 'रेगिना'चं ध्वनिमुद्रण उल्फ शिर्मरच्या संचालनाखाली झालेलं आहे. ते 'त्सार' आणि 'विल्टशूट्स' दोन्ही पचल्यावर घ्या, कारण एरवी त्यात तुम्ही हसण्याच्या जागा शोधत बसाल.